नक्की सांग

४ मार्च

सरळ आहे म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा आईने चहाची गाळणी माझ्यावर रोखली — "आता विचारलंस तर हीच नाकावर हाणीन, मग खरंच वाकडं होईल!"

हसले. बसस्टॉपपर्यंत ते हसू टिकलं. मग बसच्या काचेत बघितलं आणि संपलं. शेंडा डावीकडे. की काचच तशी होती? की बस वळत होती?

आईची पद्धत ठरलेली आहे. मला खिडकीपाशी नेते, हनुवटी धरते, उजेडाकडे तोंड वळवते आणि बघते. उगाच बघितल्यासारखं करत नाही. उजव्या डोळ्याने तिला लहानपणापासून जेमतेमच दिसतं, पण डाव्या एका डोळ्यावर अजून सुईत दोरा ओवते. आणि तिच्या जिभेला हाड नाही. शेजारच्या वहिनींना तोंडावर सांगितलं होतं, या रंगात तुम्ही तापातून उठल्यासारख्या दिसता. म्हणून तर तिलाच विचारते. बाकीच्यांचं "छान दिसतेस" काय चुलीत घालायचंय!

५ मार्च

सरळ. (एकदाच विचारलं. शाबास.)

७ मार्च

दिवसभर लोकांची नाकं. माझ्या नशिबाला कामही काय आलं — चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवून द्यायचं! समोरच्याच्या नाकावर पट्टी धरायची, दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायचं, एक कान वर एक खाली असला तर त्या बाजूची काडी गरम करून वाकवायची. सगळ्यांचेच चेहरे असे असतात. दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. आणि मला त्यांचं काहीच वाटत नाही! आज एक बाई आल्या, नाक म्हणजे घाटातला रस्ता. आरशात बघून म्हणाल्या, "वा, शोभतोय की मला!" आणि निघून गेल्या. रडू येईल इतका त्यांचा हेवा वाटला.

माझं सुरू झालं ते याच काउंटरवर. एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "अहो, तुमचाच चष्मा तिरका बसलाय!" मीही हसले. काडी सरळ केली. तरी तिरका. तेव्हा पहिल्यांदा वाटलं — चष्मा तिरका आहे, की नाक? तो माणूस दुकानाबाहेर पडेपर्यंत विसरलाही असेल. त्याला दोन वर्षं होऊन गेली, मी अजून तिथेच उभी आहे.

९ मार्च, रविवार

चिमणीकडे सगळे जेवायला होते. (दुकानात बिलं करते ती. अखंड चिवचिव, म्हणून चिमणी.) तयार झाले, चपला घातल्या, दाराशी गेले, परत आले. कपाटाच्या आरशात डावीकडे. बाथरूमच्या आरशात सरळ. मोबाइलवर फोटो काढले — एक असा, एक तसा. यातला खरा कुठला? शेवटी पोट दुखतंय असं कळवून टाकलं.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "असेल वाकडं तर असेल. नसेल तर नसेल. जेवणाला नाक लागतं का? जाऊन ये."

तिला कसं समजावू? वाकडं असतं तर गेले असते! नक्की वाकडं असतं तर मान खाली घालून का होईना, गेले असते, जेवले असते. हे असेल-नसेल मात्र घशाखाली उतरत नाही.

१२ मार्च

आज दुकानात धावपळ. एक आजोबा आले होते, बसचालक होते म्हणे पूर्वी. नंबर वाढलाय, भिंगं बदलून द्या, एवढंच म्हणणं. मालकांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि भिंतीवरचं चौकटींचं कार्ड दाखवलं — नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि मधे एक ठिपका. आजोबा म्हणाले, "मधल्या रेघा लाटांसारख्या का काढल्यात?"

मालकांनी भिंगांचं नावच काढलं नाही. हातातलं काम टाकलं, गाडी मागवली, आजोबांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं. आजच जायचं, उद्या नाही! नंतर चिमणीला सांगत होते — सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की डोळ्याच्या पडद्यात काहीतरी बिघडलेलं असतं, लगेच इंजेक्शन मिळालं तर डोळा वाचतो, उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही.

आणि मी काय विचार करत होते? की आजोबांचं बरं आहे. कार्डाकडे बघितलं आणि कळलं! माझ्या नाकासाठी असं एखादं कार्ड का नाही?

मालक जाता जाता म्हणाले, "तुझ्या आईला घेऊन ये गं एकदा. एका डोळ्यावर चालतं त्यांचं, वर्षाला बघायला हवं." हो म्हटलं. आणते.

१५ मार्च

नाकाच्या सर्जनकडे जाऊन आले. आईला सांगितलं नाही. त्यांनी दिव्याखाली बघितलं, बोटांनी दाबलं, मग खुर्ची मागे घेऊन म्हणाले, "मी हे ऑपरेशन करणार नाही."

म्हणजे सरळ आहे?

"सगळ्यांचं असतं तेवढं आहे."

तेवढं म्हणजे किती? हो की नाही? इतका शिकलेला माणूस, त्याला हो किंवा नाही म्हणता येऊ नये! एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. मनाच्या. म्हणजे हा माझ्या डोक्यावरच घसरला. रागाने घरापर्यंत चालत आले, आणि वाटेतल्या एकूण एक दुकानांच्या काचांत बघत आले.

१९ मार्च

गेले डॉक्टरबाईंकडे. आई मागे लागली म्हणून. (खिशात चिठ्ठी सापडली तिला. "सर्जनकडे गेलीस? माझ्या बघण्यावर भरवसा नाही वाटतं?")

बाई शांत आहेत. खोलीत आरसा नाही, हे आधी बघितलं. विचारलं, "तुम्हाला नाक सरळ हवंय, की खात्री हवीय?"

दोन्ही.

"एकच मिळणार असेल तर?"

खात्री — तोंडातून निघूनच गेलं. 

म्हणाल्या, याला नाव आहे, हा आजार आहे, यावर उपचार आहेत. शरीरातली एखादी गोष्ट मनात घर करते. आणि ज्याला "माहीत नाही" हे सोसत नाही, त्याच्या मनातून ती हलता हलत नाही. तो बघत राहतो, विचारत राहतो. विचारलं की घटकाभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा विचारतो. लहानपणी कशी होतात, असंही विचारलं. आईचं नेहमीचं वाक्य आठवलं — "ही गोष्ट ऐकायलाच बसायची नाही. आधी म्हणायची, सांग, शेवटी राजा मरतो का?"

आठवडाभरासाठी एक अभ्यास दिलाय. कोणालाही नाकाबद्दल विचारायचं नाही. उत्तराशिवाय बसून राहायचं. खाज सुटली तरी खाजवायचं नाही, तसं. "आधी वाढेल, मग ओसरेल," म्हणाल्या.

कधी ओसरेल, ते नक्की सांगता येत नाही म्हणे. वा!

२० मार्च

नाही विचारलं. आई सवयीने खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत.

२१ मार्च

नाही विचारलं. दुपारी एका मुलीच्या फ्रेमची काडी जास्त तापवली, वितळली. मालकांनी नुसतं बघितलं. माझ्या नाकाकडे बघितलं का?

२२ मार्च

वाढतंय. ओसरत बिसरत नाही. कोणीतरी दाराबाहेर उभं आहे आणि बेल दाबून धरलीय, आणि मला सांगितलंय की उठायचं नाही. मी किती दिवस अशी बसू शकेन?

२४ मार्च

विचारलं. वाकडं आहे म्हणाली.

आईने सांगितलं, वाकडं आहे.

२५ मार्च

काल पुढे लिहिता आलं नाही. 

सकाळी राहवलं नाही, जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. नेहमीसारखी हनुवटी धरली. पण वेळ लावला. "थांब," म्हणाली. चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा बघितलं. मान थोडी तिरकी करून बघितलं. मग म्हणाली, "आज जरा वाकडं दिसतंय गं. मधेच वळल्यासारखं."

नक्की?

"मला दिसतंय ते सांगते."

तिथेच जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. आई घाबरली. "अगं, जरासंच!" म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला काय माहीत मी का रडत होते! दोन वर्षं सगळे मला वेड्यात काढत होते. सर्जन, डॉक्टरबाई. आणि मी बरोबर होते.

काल किती दिवसांनी गाढ झोपले. सकाळी दात घासताना आरशात बघितलं — वाकडं. हो, आहे. तोंड धुतलं आणि बाहेर आले. एवढंच! असं असतं होय लोकांचं?

२७ मार्च

आईने नवीनच खूळ घेतलंय. भिंतीवरचा बाबांचा फोटो वाकडा झालाय म्हणून सरळ करत बसते. फोटो चांगला सरळ असतो, ही तो वाकडा करून ठेवते. संध्याकाळी आले की मी पुन्हा सरळ करते. दिवसभर दुकानात तेच, घरी आल्यावरही तेच! म्हटलं, बाबांना जिवंतपणी सरळ करू शकली नाहीस, आता फोटोच्या मागे लागलीस! एरवी चांगलं खरमरीत उत्तर दिलं असतं. आज नुसतं "हं" म्हणाली.

३० मार्च, रविवार

चिमणीकडे गेले! स्वतःहून. चांगली जेवले, तिच्या मुलाच्या शाळेच्या गमती ऐकल्या, त्याच्याशी पत्ते खेळले. नाक वाकडं आहे ना? आहे. मग संपलं. डॉक्टरबाईंकडची वेळ रद्द केली. आता काय करायचंय त्यांच्याकडे जाऊन?

२ एप्रिल

दुसरा सर्जन शोधला. हा हसतमुख आहे. म्हणाला, "करून टाकू." बावीस तारीख दिली. आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. "एवढं कापाकापीचं काढायचं का? मी आपलं बोलून गेले."

तू कधी आपलं बोलून जात नाहीस, म्हटलं. म्हणून तर तुझ्यावर भरवसा.

तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

५ एप्रिल

आई आज जवळ येऊन बसली. "हल्ली विचारत नाहीस," म्हणाली.

आता कळलंय ना, मग कशाला विचारू?

"झोप लागते?"

मस्त लागते.

"आरशापुढे उभी राहत नाहीस, ते बघते मी." पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला, असं वाटलं. मग "बरं आहे," म्हणून उठून गेली. भिंतीला हात लावत गेली. गुडघे दुखत असणार.

१० एप्रिल

सकाळी आईने चहा कपाबाहेर ओतला. अर्धा टेबलावर, अर्धा माझ्या मोबाइलवर. लक्ष कुठे असतं तुझं! ओरडलेच मी. मग शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लाव म्हटलं, तर म्हणाली, "तूच लाव. मला कंटाळा आलाय." हिला शिवणाचा कंटाळा! माझ्यावर रुसली असणार, ऑपरेशनचं काढलंय म्हणून. रुसू दे.

१४ एप्रिल

मालक पुन्हा म्हणाले, आईला आणलं नाहीस. म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग निवांत आणते. चिमणीने विचारलं कसलं ऑपरेशन? पोटाचं सांगितलं.

१७ एप्रिल

पुन्हा सुरू झालं. का? सगळं छान चाललं होतं!

सर्जनकडे शेवटचं बोलायला गेले होते. विचारलं, सरळच होईल ना? हसून म्हणाला, "शंभर टक्के कोणीच सांगत नसतं. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं." इकडे की तिकडे? म्हणजे किती? आणि झाल्यावर ते सरळ आहे की नाही, हे कोण सांगणार? — पुन्हा आईच! पुन्हा खिडकीपाशी! मग मी सुटले कशातून? काही दिवस पायाखाली फरशी होती, ती पुन्हा सरकली.

डॉक्टरबाईंचा नंबर काढला. फोन केला नाही. काय सांगू? की वाकडं आहे हे नक्की कळलं, तरी नक्की काही कळलं नाही?

१९ एप्रिल

आईला विचारावंसं वाटतंय — किती वाकडं? केसाएवढं की बोटाएवढं? जीभ चावून बसलेय. एकदा विचारलं की मी पुन्हा त्या विहिरीत. ती पण माझ्याकडे बघत नाही हल्ली. बघते ती बाजूला कुठेतरी, माझ्या कानाकडे. अजून रुसलेलीच आहे.

२१ एप्रिल

उद्या. पिशवी भरली. टॉवेल, गाऊन, औषधांची पुडी. सकाळी लवकर निघायचंय. आई बरोबर येणार म्हणते. नको म्हटलं तर म्हणाली, "मी नसले तर शुद्धीवर आल्यावर विचारशील कोणाला?" बऱ्याच दिवसांनी अशी बोलली. दोघीही हसलो.

हसून झाल्यावर भीती वाटली. मला हे ऑपरेशन हवंय की नकोय, तेही कळत नाही. माझं मलाच कळत नाही! कोणीतरी येऊन फक्त सांगावं. हो किंवा नाही. मी ऐकेन.

२२ एप्रिल

पिशवी घेऊन दाराशी होते. आई भिंतीपाशी, बाबांच्या फोटोला हात लावून. सरळ आहे गं तो, चल, म्हटलं. ती हलली नाही. "आणि खिडकीचे गज?" म्हणाली. "दाराची चौकट? तीही सरळ आहे? नक्की सांग."

पिशवी हातातून पडली. गज सरळ होते. चौकट सरळ होती.

कधीपासून?

"तुझं नाक वाकडं दिसलं ना, त्याच दिवशी. आधी वाटलं, नाकच. संध्याकाळी बघते तर गजही तसेच. आता तर मधलं काहीच दिसत नाही."

बोलली का नाहीस मग?

"तू झोपायला लागली होतीस."

नाकाच्या दवाखान्यात गेलोच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खूप वेळ आत बघितलं. पडद्यावर व्रण धरलाय. इंजेक्शनं देऊ, उरलंय ते राखायचा प्रयत्न करू. गेलेलं — नुसती मान हलवली. मग मला विचारलं, "नक्की कधी सुरू झालं, सांगता येईल का? बहुतेकांना येत नाही."

मला आलं. चोवीस मार्च, सकाळी, खिडकीपाशी. नक्की.